विजयसिंहच्या नावावरचे सात चेंडू

भिगवणला सकाळी जाळं ओढताना म्हस्कूला ते जड लागलं, तेव्हा तो खूश झाला होता. मोठा कटला मासा घावला असणार, असं त्याला वाटलं. जाळ्यात माणूस होता.

फौजदार संभाजी पिसाळ इंदापूरहून पोचले तोवर प्रेत काठावर काढून ठेवलं होतं आणि बघ्यांनी आपापला पंचनामाही उरकून टाकला होता. पोरगा उंच, विशीच्या आसपासचा. अंगात निळी जर्सी, पाठीवर नऊचा आकडा. पाय अनवाणी. डोक्याला मागच्या बाजूला खोक.

"बावड्याचा विजयसिंह हाय ह्यो," गर्दीतला एक म्हणाला. "काल बारामतीत बास्केटबॉलची फायनल हरला."

"हरला कुठं? इकली त्यानं," दुसरा म्हणाला. "मग तोंड कुठं दाखवणार? दिला जीव."

खून, अपघात की आत्महत्या, हे ठरवायला सरकार पिसाळांना पगार देत होतं. गर्दीनं ते फुकटात ठरवलं होतं.

उजनी धरणाच्या पाण्यात गेलेला जुना रस्ता तिथंच खाली उतरतो. डांबर संपून पाणी सुरू होतं त्या जागी एक बुटांचा जोड ठेवलेला होता. पांढरे, घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट, टाचेवर लाल रंगात नऊ.

"हे कुणी हलवले?"

"न्हाय साहेब," म्हस्कू म्हणाला. "मी आलो तवापासनं असंच हायत."

पिसाळांनी एक बूट उचलला, तर दुसरा आपोआप वर आला. दोन्हीच्या नाड्या एकमेकींना घट्ट बांधलेल्या होत्या. त्यांनी तो जोड तसाच कागदात गुंडाळून हवालदाराकडे दिला.

तासाभरात बावड्याहून जीप आली. तिच्यातून उतरलेल्या पोरानं प्रेताचं तोंड पाहिलं आणि तो तिथंच मातीत बसला.

"तू कोण?"

"दादासाहेब. संघाचा कॅप्टन. ह्यो माझा मामेभाऊ, साहेब."

"काल काय झालं?"

"म्याच हरलो. जीपनं गावाकडं निघालो. हितं रंगूबाईच्या हाटेलात जेवायला थांबलो. पोरं त्याच्यावर चिडली हुती. त्यो पाण्याकडं निघून गेला, परत आलाच न्हाय."

"तू कुठं होतास?"

"पोरांसंगं जेवत हुतो."

"त्याला शोधलं नाही?"

"हाका मारल्या की. वाटलं, रागानं एसटी धरून गेला आसंल." त्यानं बाहीनं डोळे पुसले. "लवकर उरकंल का साहेब? पुढच्या महिन्यात मला मुंबईला हजर व्हायचंय. नोकरी लागलीय, खेळाडूच्या जागेवर."

पोरगं रडत होतं आणि खरं रडत होतं. खोटं रडणं पिसाळांना लांबून ओळखू यायचं.

त्यांना स्वतःला मात्र काहीच वाटलं नाही. पूर्वी वाटायचं. पहिलं प्रेत पाहिल्यावर त्यांना जेवण जात नव्हतं. आज पंचनामा संपवून ते त्याच हॉटेलात चहा प्यायले आणि चहा गोड होता एवढंच त्यांच्या लक्षात राहिलं. आपल्या आत कुणीतरी कुलूप घालून किल्ली घेऊन गेलंय, हे त्यांना कळत होतं. त्याचंही वाईट वाटत नव्हतं.

डॉक्टरांचा अहवाल आला. मृत्यू बुडून, फुफ्फुसात पाणी. डोक्याची जखम दगडाची, पाण्यात उडी मारतानाही होऊ शकते. वरिष्ठांचा फोन आला की आत्महत्या दिसते आहे, फाइल बंद करा. पिसाळ फाइल बंद करायलाच बावड्याला गेले.

विजयसिंहचे वडील गेणबा ओट्यावर बसले होते. एके काळी त्यांच्या घरी मेंढरं होती. मग मेंढरं विकून ऊस केला. ऊस होता आणि एक पोरगा होता. आता ऊस होता.

"आबा, हे मुलाचे बूट. सही करा आणि ताब्यात घ्या."

गेणबांनी बुटांकडे पाहिलं, हात लावला नाही. "ते खेळाच्या मंडळाचं हायत. मंडळाला द्या. त्याच्या चपला कुठं हायत?"

"चपला सापडल्या नाहीत."

"नव्या हुत्या," गेणबा म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, दुसरंही काही नव्हतं.

पिसाळांनी बूट परत गुंडाळले. म्हातारा भ्रमात आहे असं समजून त्यांनी ते बोलणं तिथंच सोडून दिलं.

"साहेब, एक इचारू? पोरगं गेलं ते गेलं. त्यानं म्याच इकली का न्हाय, तेवढं मला सांगा."

"ते पोलिसांचं काम नाही, आबा."

"मग कुणाचं हाय?"

पिसाळांनी बुटांची पुडी काखेत घेतली.

"मला कुणी काय बोलत न्हाय," गेणबा म्हणाले. "दुकानात गेलो की समदी गप होत्यात. शिव्या दिल्या आसत्या तर मी भांडलो आसतो. ह्या गप बसण्यासंगं कसं भांडायचं?"

मुलाला जाळून आलेला बाप असा काही प्रश्न विचारतो, याचं पिसाळांना आश्चर्य वाटलं. मग लक्षात आलं की म्हाताऱ्याकडे विचारण्यासारखं दुसरं काही उरलेलंच नाही. पोरगा परत मिळणार नव्हता. नाव मिळालं तर मिळणार होतं.

गावातल्या किराणा दुकानात बारामतीचं साप्ताहिक लटकत होतं. अख्खं पान त्या सामन्याला दिलेलं. आणि का देऊ नये? पगारी खेळाडूंच्या स्पर्धेत, मुंबईच्या कंपनीच्या संघासमोर, खेड्यातला संघ पहिल्यांदाच अंतिम फेरीला उभा राहिला होता. कबड्डीशिवाय दुसरं काही न खेळलेल्या गावात कुण्या मास्तरानं शाळेच्या मैदानावर दोन लोखंडी रिंगा ठोकल्या होत्या, आणि त्यातून हे उगवलं होतं. पानाच्या तळाशी चौकटीत आकडे होते.

*बावडा ६१, मुंबई ६२. मध्यंतराला बावडा ३८, मुंबई २९.*

*विजयसिंह, पूर्वार्ध: फेकी १४, यशस्वी ९, फ्री थ्रो १, गुण १९. उत्तरार्ध: फेकी ३, यशस्वी २, गुण ४. गमावलेले चेंडू ७.*

*दादासाहेब: गुण ६. बास्केट होण्यास दिलेले पास, पूर्वार्धात ८, उत्तरार्धात १. गमावलेले चेंडू ०.*

खाली संपादकांनी ठसठशीत अक्षरांत विचारलं होतं: सात चेंडू गमावणारा हात कुणाचा होता आणि कुणासाठी होता?

पिसाळांना बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण शून्याचं त्यांना कळत होतं. ज्याच्याविरुद्ध गावात एकही तक्रार नाही असा माणूस भेटला की ते त्याची जास्त चौकशी करत. दुकानदाराला त्यांनी विचारलं, "ह्या खेळात बॉल सगळ्यात जास्त कुणाच्या हातात असतो?"

"कॅप्टनच्या. दादासाहेबच समद्यांना वाटतो की."

दिवसभर वाटणाऱ्याच्या हातून एकदाही सांडलं नव्हतं. पिसाळांनी फाइल बंद केली नाही. ते भिगवणला गेले.

रंगूबाई म्हणजे म्हस्कूची बायको. तो मासे आणायचा, ती तळायची. सामन्याच्या रविवारची गिऱ्हाइकं तिला चांगली आठवत होती, कारण तिचं नुकसान झालं होतं.

"सहा ताटं सांगितली हुती. चारच खाल्ली. दोन ताटं तशीच माघारी आली, मासा कुणी बोटानंसुदिक उकरला न्हवता."

"एक विजयसिंहचं. दुसरं कुणाचं?"

"त्ये मला काय ठावं? पण जीपची किल्ली ज्याच्याकडं हुती, त्यो पोरगा जेवणं झाल्यावर आला. पैशे त्यानंच दिलं. हात कोपरापत्तूर ओलं. म्हनलं टॉवेल देऊ का? न्हाय म्हनला."

"हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"तुमी चहा पिऊन गेलात. इचारलं कुठं?"

खरं होतं ते.

सामन्याचे आकडे लिहिणारी मुलगी बारामतीची होती. स्वप्नाली तिचं नाव, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. पोलीस दारात पाहून तिच्या वडिलांनी आधी चहा टाकायला लावला आणि मग घाबरले.

"गमावलेला चेंडू कुणाच्या नावावर लिहायचा, हे तू कसं ठरवलंस?" पिसाळांनी विचारलं.

"ज्याच्या हाताला लागून बॉल बाहेर गेला, त्याच्या."

"असं कुणी शिकवलं?"

"शिकवलं नाही कुणी. अण्णा कबड्डीचे पंच आहेत. लहानपणापासून त्यांच्याबरोबर मी गुण लिहिते. बास्केटबॉलचं लिहिणारं कुणी मिळेना म्हणून आयोजकांनी मला बसवलं. कबड्डीत ज्याचा पाय रेषेबाहेर, तो बाद. मी तसंच धरलं."

पिसाळ पोलीस संघातून कबड्डी खेळले होते. त्यांनीही तसंच धरलं असतं. सबंध तालुक्यात कुणीही तसंच धरलं असतं.

"आणि बॉल चुकीचा टाकला म्हणून तो बाहेर गेला असेल तर? टाकणाऱ्याच्या नावावर काय?"

स्वप्नालीनं मान हलवली. "काहीच नाही."

"आठव. ते सात बॉल कुणी टाकले होते?"

तिनं डोळे मिटले. "दादासाहेबांनी. एक डोक्यावरून गेला. एक पायाशी. विजयसिंह झेप घ्यायचा, बोटं लागायची आणि बॉल बाहेर. लोक हसत होते." तिनं डोळे उघडले. "सगळे त्यांचेच होते, सर. सातही."

"कंपनीच्या लोकांचं तुझ्यासमोर काही बोलणं झालं?"

"बक्षीस देताना त्यांचे मॅनेजर म्हणाले, बावड्याचा कॅप्टन आता आमचा. मला वाटलं, गंमत करताहेत."

"तेवीस गुणांचा खेळाडू सोडून?"

"हो. सर, मी लिहिलं, तेच पेपरात छापून आलं. विजयसिंहनं मॅच विकली असं लोक म्हणतात, ते माझ्यामुळं का?"

"पेपर यायच्या आधीच तो गेला होता. त्याला मारलं दुसऱ्यानंच," पिसाळ म्हणाले. पण गेणबा दुकानात गेले की पडणाऱ्या शांततेत तिचाही वाटा होता, आणि तिला ते कळलं होतं. हुंदका आवरत ती आत गेली. पिसाळांनी चहा तसाच ठेवला.

परत येताना जीपमध्ये त्यांना म्हाताऱ्याचं ते चपलांचं बोलणं आठवलं. त्यांनी हवालदाराला गाडी सरळ बावड्याच्या शाळेकडे घ्यायला सांगितली.

मैदानावर संघाची पाच पोरं बोलावून घेतली. दादासाहेब मधे उभा होता. भावाच्या सुतकात त्यानं डोक्यावरचे केस काढले होते.

"मंडळाचे बूट घेऊन या."

शाळेच्या खोलीतून बुटांनी भरलेलं पोतं आलं. पिसाळांनी ते मैदानावर उपडं केलं. बूट भडाभडा बाहेर पडले, पण एकही सुटा नव्हता. प्रत्येक जोडाच्या नाड्या एकमेकींना बांधलेल्या.

"हे असे का बांधता?" त्यांनी भिमाला विचारलं. भिमा संघातला सगळ्यात धाकटा.

"बूट मंडळाचं हायत साहेब. म्याच झाली की ज्यानं त्यानं जोड बांधून पोत्यात टाकायचा. न्हायतर एक सापडतो, एक सापडत न्हाय."

"रविवारी विजयसिंहनं टाकले?"

"टाकलं की. मी त्याच्या मागंच हुतो."

"मग भिगवणला जीपमधून तो काय घालून उतरला?"

भिमानं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. "चपला," तो हळूच म्हणाला.

"पोतं कुठं होतं?"

"जीपमधी. कुलूप लावून."

"किल्ली?"

चौघंही आपापल्या पायांकडे बघू लागले.

पिसाळांनी कागद सोडून नऊ नंबरचा जोड इतर बुटांच्या शेजारी ठेवला. गाठ अगदी तशीच होती.

"ज्याला जीव द्यायचाय तो पाण्याच्या कडेला बूट काढून ठेवेल, हे मला पटलं होतं," ते म्हणाले. "पण काढलेले बूट तो एकमेकांना बांधत बसणार नाही. हे बूट त्या दिवशी त्याच्या पायात नव्हतेच. ते पोत्यातून आले. चपला पाण्यात गेल्या, म्हणून कुणाला तरी अशी वस्तू हवी होती की जी पाहून सगळे म्हणतील, विजयसिंह इथून आत गेला. नऊ नंबरचे बूट तालुका ओळखतो. घाईत गाठ सोडायची राहिली. तुम्हाला सवयच आहे बांधलेले बघायची, त्यामुळं तुमच्यापैकी कुणाला ते खटकलं नाही. मला खटकायला हवं होतं. मलाही नाही खटकलं."

त्यांनी दादासाहेबकडे पाहिलं.

"तू म्हणालास, पोरांसंगं जेवत होतास. तुझं ताट न शिवता परत गेलं. तू आलास तेव्हा हात कोपरापर्यंत ओले होते. किल्ली तुझ्याकडे होती. आता सामन्याचं बघू. पूर्वार्धात तुझ्या आठ पासवर बास्केट झाले. उत्तरार्धात एक. तू तोच, विजयसिंह तोच. उत्तरार्धात त्यानं तीनदाच फेक केली, कारण तीनदाच बॉल धड त्याच्या हातात आला, आणि त्यातले दोन त्यानं रिंगमध्ये टाकले. जो मुद्दाम हरतो तो तिन्ही चुकवतो. बाकीचे सात त्याच्या बोटांना लागून बाहेर गेले. लिहिणारीनं कबड्डीच्या हिशेबानं ते त्याच्या नावावर मांडले. ते तुझे होते. आणि ज्या कंपनीनं तुम्हाला हरवलं, तिनंच तुला नोकरी दिली. मुंबईला तू तिथंच हजर होणार होतास ना?"

दादासाहेबनं बुटांच्या ढिगाकडे पाहिलं. मग एकाएकी त्याचे खांदे पडले.

"कायमची नोकरी हुती, साहेब," तो म्हणाला. "एक म्याच हरायची, एवढंच म्हनलं हुतं त्यांनी. कुणाचं काय जातंय, वाटलं."

"पाण्यापाशी काय झालं?"

"त्योच घेऊन गेला मला. म्हनला, दादा, तू आसा बॉल कधी टाकत न्हाईस, काय झालं? भांडला न्हाय. मी आजारीबिजारी हाय का, आसं इचारत हुता. मला त्ये सोसंना. मी ढकललं. मागं जुन्या रस्त्याचा कठडा हुता. पडला त्यो हललाच न्हाय. म्येला म्हनून मी भ्यालो. पाण्यात सोडला."

"तो मेला नव्हता," पिसाळ म्हणाले. "फुफ्फुसात पाणी होतं. तू सोडलास तेव्हा त्याचा श्वास चालू होता."

दादासाहेब खाली बसला. भिमा रडायला लागला. पिसाळांनी हवालदाराला खूण केली. सगळं उलगडलं होतं, आणि पिसाळांना तरीही काही वाटलं नाही. केस सुटली की पूर्वी निदान भूक लागायची.

हवालदारानं दादासाहेबला मैदानावरूनच जीपमधून नेलं. पिसाळ चालत गेणबांच्या घरी आले.

"आबा, त्यानं मॅच विकली नाही."

गेणबांनी मान वर केली. "नक्की?"

"नक्की. शेवटपर्यंत जिंकायला खेळला तो. गावातही सांगतो मी, आणि पेपरात छापून आणतो."

"इकली न्हाय," गेणबा स्वतःशीच म्हणाले. त्यांनी दोन्ही हात तोंडावरून फिरवले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "आन् जीव?"

पिसाळांनी सांगितलं. श्वास चालू होता, तेवढं त्यांनी सांगितलं नाही. ऐकताना म्हातारा हलला नाही. पलीकडच्या वस्तीवर राहणारी साखरबाई, म्हणजे दादासाहेबची आई, ही त्यांची सख्खी थोरली बहीण होती. हे पिसाळांना पंचनाम्यापासून माहीत होतं. पण माहीत असणं आणि समोर बसणं यात फरक होता.

तेवढ्यात तीच आली. सुतकाच्या घरात चूल पेटत नव्हती, म्हणून डोक्यावर पाटी होती आणि पाटीत भाकरी, कालवण.

"साहेब, तुमीबी दोन घास खाऊन जावा," ती म्हणाली. "दादा येतोच हाय मागनं. मैदानावर गेलाय म्हनं."

तिला कुणी सांगितलं नव्हतं. पिसाळांनी तोंड उघडलं, तर गेणबांनी हातानं थांबवलं.

"आक्का, तू जेवलीस का?"

"कशाचं जेवण? पोर गेल्यापासनं घास उतरंना बघ."

"बस. माझ्यासंगं खा." गेणबांनी भाकरी मोडली आणि अर्धी तिच्यापुढं ठेवली. मग उठून दारापर्यंत आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "साहेब, पोटात काय न्हाय तिच्या. जेवू द्या तिला. मग मीच सांगतो."

पिसाळ बाहेर ओट्यावर जाऊन बसले. आत साखरबाई भावाला सांगत होती की कालवणात मीठ कमी पडलंय, उद्या नीट करून आणते. गेणबा म्हणत होते, चांगलं झालंय, खा सावकाश. ते जेवण कधी संपूच नये असं पिसाळांना वाटत राहिलं.